समुद्राला उतार

आमच्या घरातलं कुणी गावाला निघालं की थोरली खाली बसत नसे. अतिशयोक्ती करत नाही, खरंच बसत नसे. गेलेलं माणूस पोचल्याचं कळेपर्यंत तिचं सगळं उभ्यानं चालायचं. चहा उभ्यानं, लसूण सोलणं उभ्यानं, देवाला हात जोडणं उभ्यानं. फार झालं तर पडवीच्या खांबाला पाठ टेकवायची, पण बूड टेकवायची नाही. माणूस आष्टीपर्यंत गेलं तर ठीक होतं. पुण्याला गेलं की थोरलीच्या पोटऱ्यांचे गोळे व्हायचे आणि संध्याकाळी तेल लावून ते चोळायचं काम माझ्या गळ्यात पडायचं.

थोरली म्हणजे माझ्या नवऱ्याची, दत्ताची, थोरली चुलती. मूलबाळ नाही, नवरा तरुणपणीच गेलेला. दत्ताला लहानाचं मोठं तिनंच केलं, कारण माझे सासू-सासरे वर्षातले बरेच महिने मेंढरांमागं फिरतीवर. आजही धाकट्या दिराबरोबर फिरतातच. कडा गावातल्या घरात आम्ही चौघं आणि थोरली. सगळं कडा तिला थोरलीच म्हणायचं, माझी पोरंसुद्धा. मी तेवढी ‘बाई’ म्हणायचे. आता लिहिताना एकेरीवर आलेय, तिच्यासमोर माझी छाती झाली नसती.

बसण्याची परवानगी तिला हाळीनं मिळायची. माझं माहेर धारूरचं, आमचेही आजे-पणजे धनगरच. पण आजोबांनी मेंढरं विकून बाजारात किराणा टाकला, त्यामुळे हाळी म्हणजे काय हे मला लग्नानंतर कळलं. मेंढरं नदीपार न्यायची असली की खांड, म्हणजे कळप, दोन भागांत करतात. अर्धी मेंढरं आणि अर्धी माणसं आधी उतरतात, उरलेली अलीकडच्या काठावर थांबतात. पलीकडं गेलेल्यानं काठावर पाय ठेवला की लांबलचक ओरडून सांगायचं, ‘आलोऽऽ’. ती हाळी. ती ऐकू आल्याशिवाय अलीकडच्यांनी खाली बसायचं नाही, भाकरी सोडायची नाही. बाकीच्या धनगरांनी ही रीत नदीकाठीच ठेवली. थोरलीनं ती घरात आणली.

घरात फोन आल्यावरही तिचं तेच. दत्तानं पोचल्यावर फोन करून पहिला शब्द ‘आलो’ हाच काढायचा. ‘हॅलो’ म्हणाला की ही म्हणायची, “हालो कुणाला म्हनतो? हाळी दे.” मग तो बिचारा पुण्याच्या भरबाजारात ‘आलोऽऽ’ म्हणून ओरडायचा, ही इकडून “हौ” म्हणायची आणि तिथल्या तिथं जमिनीवर बसायची. एकदा त्यानं मला मेसेज टाकला, मी वाचून दाखवला. तर म्हणते कशी, “त्या मेसेजला आवाज हाय का? आवाज न्हाई तर माणूस हाय कशावरनं?” आता बोला! पुन्हा फोन लावावाच लागला.

दुसरं तिचं खूळ वाटणीचं. अख्खं घर एका गाडीत तिनं कधी बसू दिलं नाही. तेलगावला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. जीप ठरवली, नव्या साड्या नेसून आम्ही बसलो, तोच थोरली दारात आडवी. “तू आन् वम्या जीपमधी बसा. दत्त्या आन् इस्वरी येष्टीनं जातेल.” ओम माझा धाकटा, ईश्वरी मोठी. ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, आख्खी गाडी रिकामी हाय की.” तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे रिकामी. रिकामी गाडी चावती का तुला?” आमचे साहेब इस्त्रीचा शर्ट घालून एस.टी.च्या गर्दीत उभे राहिले आणि चुरगाळून मांडवात पोचले. माझ्या बहिणींनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. मीही हसले. तेव्हा मला त्या वाटणीत फक्त गंमतच दिसायची.

दत्ताचं कड्याच्या बाजारपेठेत खतं-बियाणांचं दुकान आहे. हिशेबाला मीही बसते. या धंद्यातल्या लोकांना ठाऊक असेल, कंपन्या दुकानदारांना टूरवर नेतात. ठरलेला माल खपवला की नवरा-बायकोला फुकट सहल. आमच्या भागातले भले भले दुकानदार, ज्यांनी कधी औरंगाबादची लेणी पाहिली नाहीत, ते फुलाफुलांचे शर्ट घालून परदेशात हत्तीवर बसून आलेत. आमचा नंबर लागला तो अंदमानचा. पोरांचं तिकीट आपलं आपण काढायचं. दत्तानं दुकानातून फोन केला, “वैशाली, समुद्र बघायचाय का?” मी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. मी म्हणाले, “विचारतो काय? कधी निघायचं?” आणि त्याच दिवशी जाऊन पोरांना टोप्या घेऊन आले.

टोप्या बघून थोरलीनं विचारलं, “कुठं निगालात?”

दत्ता म्हणाला, “बेटावर. चारी अंगानं समुद्राचं पाणी, मधी जमीन. पयलं इमानानं जायाचं, मग बोटीनं दुसऱ्या बेटावर. तिथं मोठं हॉटेल हाय.”

“चारी अंगानं पाणी?” थोरलीचा भाकरीवरचा हात थांबला. “आन् माणसं तिथं ऱ्हात्यात? आपल्या खुशीनं?”

“खुशीनं. लांबनं लांबनं येत्यात.”

“उतार कुठं हाय?”

उतार म्हणजे नदीत पाणी कमी असतं ती जागा, जिथून मेंढरं पायी पार होतात. दत्ता हसला. “समुद्राला उतार नसतो, थोरले.”

“मंग तिथं माणसाचं काय काम?” असं म्हणून तिनं भाकरी उलटली. मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं. तोंडावरचा सगळा रंग गेला होता. तव्यावर भाकरी करपली तरी तिच्या लक्षात आलं नाही. भाकरी करपवणारी बाई नव्हती ती.

जेवणं झाल्यावर ती म्हणाली, “समद्यांनी न्हाई जायाचं. येक लेकरू हितं ऱ्हाऊ दे.”

मी तयारच होते. बारा गावच्या सासवांचं पाणी मला ठाऊक. आता म्हणेल, नातू ठेव, वंशाचा दिवा ठेव, पोरगी गेली तर जाऊ दे. मी पदर खोचलाच भांडायला. “म्हणजे ओमला ठेवायचं, असंच ना बाई?”

“न्हाई. इस्वरीला ठेव.” ती माझ्याकडं न बघता म्हणाली. “पोरगं मागं ऱ्हायलं तर भावकी त्येला खाऊन टाकीन. पोरगी चिवट असती. तग धरती. मला ठावं हाय.”

मी खोचलेला पदर सोडला. कारण ती काय बोलली ते हळूहळू माझ्या डोक्यात उतरायला लागलं. मागं कुणी ठेवायचं, याचा अर्थ पुढं गेलेले परत न येण्याचा हिशेब तिनं मनात मांडून ठेवला होता. शांतपणे, भाकरीच्या पिठासारखा मळून. आम्ही तिघं नाही, आणि ईश्वरी एकटी या घरात. मी उठून भांडी घासायला बसले.

खरं सांगते, तोवर भीती म्हणजे काय मला माहीत नव्हतं. विंचू बघितलाय, साप बघितलाय, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरखाली येता येता वाचलेय; ती भीती क्षणाची असते. ही तशी नव्हती. ही घरात राहायलाच आली. दुकानात गिऱ्हाईक सोयाबीनची पिशवी मागायचं आणि मला पाणी दिसायचं. एकदा मोबाइलवर मी त्या बेटावरच्या बोटीचा व्हिडिओ बघितला. झालं! त्या मेल्या मोबाइलला काय समजलं कोण जाणे, दुसऱ्या दिवसापासून तो मला बुडणाऱ्या बोटी दाखवायला लागला. एक बंद केली की दुसरी. ओरडणारी माणसं, तरंगणाऱ्या चपला. दत्ता म्हणायचा, “बघती कावून मग?” मी कावून बघायचे, ते मला तरी कुठं कळत होतं?

दत्ता वरून धीराचा. पण एक दिवस धाकटा दीर घरी आला होता, तेव्हा ह्यानं त्याला दुकानात नेऊन कुठली किल्ली कुठल्या कुलपाची ते दाखवलं. दीर म्हणाला, “मला कावून सांगतो बे? मला मेंढरं सोडून काय कळतं?” दत्ता म्हणाला, “असंच. ठावं असावं.” मी गल्ल्यावर बसले होते. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि दोघांनीही नजर फिरवली. त्याच्याही पोटात तेच होतं तर.

थोरलीची समजूत काढायला त्यानं एक युक्ती केली. म्हणाला, “थोरले, आपण इमानं वाटून घेऊ. मी आन् ओम सकाळच्यानं, ह्या दोघी दुपारच्यानं.” थोरलीनं मान हलवली. “आन् बोट?” हा पटकन म्हणाला, “बोटीबी दोन हायत.” थोरली उठली. तिनं ईश्वरीला हाक मारली, “मोबाइल आण गं, ती बोट दाव.” ईश्वरीनं आमच्या टूरवाल्यानंच पाठवलेला व्हिडिओ लावला. टोप्या, चष्मे घातलेली सगळी दुकानदार मंडळी बायकापोरांसकट एकाच बोटीत चढताना दिसत होती. थोरलीनं शेवटपर्यंत बघितलं. मग दत्ताला म्हणाली, “दत्त्या, पाण्याच्या बाबतीत खोटं बोलू नगं. बाकी कुठंबी बोल.” दत्ता पोरासारखा खाली मान घालून उभा राहिला.

मी म्हणाले, मग मीच थांबते पोरीजवळ. दत्ता म्हणाला, मग जायचंच कशाला, टूर सोडून देऊ. ओमनं भोकाड पसरलं. दोन दिवस घरात हेच चाललं. शेवटी दत्तानं ईश्वरीला जवळ घेतलं आणि म्हणाला, “तू हुशार ना? तू थोरलीजवळ थांब. तुला पुढच्या वर्षी नेतो.” ईश्वरी सहावीत. ती रडली नाही, हट्ट केला नाही. नुसती “बरं” म्हणाली. तिच्या त्या ‘बरं’नं माझ्या काळजाचं पाणी झालं. रडली असती तर मी तिला पाठीत धपाटा घालून तरी गप्प केलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवीत थोरली लोकर विंचरत बसली होती. ईश्वरी शेजारी बसून शाळेचं चित्र रंगवत होती. मी आत कणीक मळत होते. ईश्वरी खालमानेनं रंगवता रंगवता म्हणाली, “थोरले, बोट बुडली तर मी एकटीच उरनार ना? मग दुकान मी चालवायचं का काका चालवनार?”

मी कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आले. घरातलं कुणी गावाला गेलं नव्हतं. दत्ता दुकानात होता, ओम अंगणात. तरी थोरली उठून उभी राहिली होती. मांडीवरची लोकर खाली सांडली होती आणि ती खांबाला धरून उभी होती. त्या दिवशी ती जेवलीही नाही. मी विचारलं तर म्हणाली, “पोट भरलंय.” काहीच खाल्लं नव्हतं तिनं.

सकाळी तिनं मला गोठ्यामागं बोलावलं. तिथं जुनी बाज होती. मला बसवलं, स्वतः उभी राहिली आणि सांगायला लागली. मी तिच्याच शब्दांत सांगते.

“आमी सीना नदीच्या काठानं आल्तो. माझे आबा, आई, दोन भाऊ. पाणी गुडघ्याएवढंच व्हतं. आबा म्हनले, अर्धी मेंढरं आमी काढतो, तू अर्ध्यांजवळ थांब, पोचलो की हाळी देतो. म्या थांबले. ते मधोमध गेले आन् वरनं लोंढा आला. वर कुठं पाऊस झाला आसंल. हितं तर ऊन पडलं व्हतं गं, लख्ख ऊन. म्या उभीच. मला वाटलं, आता हाळी येईल. दिस मावळला तरी उभीच. मामा हुडकत आला तवा माझे पाय मुडपत न्हवते. त्यानं मला लाकडावानी उचलून नेली.”

मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला, तिला बोलायचं होतं.

“मामाच्या गावात माझं नाव कुणी घेतलं न्हाई. उरलेली म्हनायचे. उरलेली, पानी आण. उरलेली, कोकरं बघ. कुणी वंगाळ म्हनून न्हाई, सवयीनं. काल ती पोर म्हनली, मी उरनार का. तिच्या तोंडातनं त्यो शबूद आला आन् माझं काळीज फाटलं. पोरी, समद्या लोकांना वाटतं म्या घर वाचवती. मला मागं ठिवून आबांनी वाचवलं, पर कुणी इचारलं का, तुला वाचायचं हाय का? समदे जा. येकाच बोटीत बसा. लेकराला येकटं मागं ठिवू नगा. फकस्त पलीकडं पाय टेकला की हाळी द्या. लगोलग द्या. येवढं करा.”

मी रडत होते. ती रडली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिच्या पोटऱ्या इतक्यांदा चोळल्या, आणि त्या पायांत काय भरलंय ते मला पहिल्यांदा कळलं. मी म्हणाले, “देऊ बाई. पाय टेकायच्या आत देऊ.”

असे आम्ही चौघं एका विमानात बसलो. पोर्ट ब्लेअरला उतरल्याबरोबर दत्तानं हाळी दिली, तिकडून “हौ” आलं, आम्हाला हुश्श झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावरून मी फोन लावला. “बाई, आता बोटीत बसतोय.”

“पानी कसं हाय?”

“शांत आहे. एकदम शांत.”

“आदी शांतच असतं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लोक म्हणतात समुद्र बघून डोळ्यांचं पारणं फिटतं. मी तो बघितलाच नाही. एका हातात ईश्वरीचं मनगट, दुसऱ्यात ओमचं, आणि डोळे लावलेले पलीकडच्या काठाकडं, जो दिसतच नव्हता. बोट जरा डुलली की दुकानदारांच्या बायका किंचाळून हसायच्या. मला हसू येईना. ओम म्हणाला, “मम्मी, हात दुखतोय.” मी सोडला नाही. खिडकीबाहेर निळंशार पाणी होतं आणि वर लख्ख ऊन. तेच मला सहन होत नव्हतं, ते ऊन.

शेवटी हिरवी रेघ दिसली, मग झाडं, मग धक्का. पाय टेकला. मी आधी मोबाइल काढला. नेटवर्क नाही. दत्ताचा बघितला, त्याचाही तसाच. बरोबरच्या मंडळींचे मागून घेतले, कुणाचाच लागेना. टूरवाला दात काढून म्हणाला, “मॅडम, इथं असंच असतं. मोबाइल विसरा, एन्जॉय करा.” हॉटेलवाल्यांनी गळ्यात शिंपल्यांच्या माळा घातल्या, हातात शहाळी दिली. सगळे फोटो काढायला लागले. मी शहाळं तसंच ठेवून दिलं.

इतके दिवस मी आमच्या मरणाला भीत होते. त्या क्षणापासून मला थोरलीची भीती वाटायला लागली. आम्ही तर पोचलो होतो, धडधाकट, गळ्यात माळा घालून. पण ती अलीकडं उभी होती. तिच्या लेखी बोट पाण्याच्या मधोमध होती आणि हाळी आली नव्हती. ती बसणार नव्हती, पाणी पिणार नव्हती. ते वय, ते पाय. मी वाळूत मोबाइल वर धरून पळायला लागले. दत्ता दुसऱ्या बाजूला पळाला. ईश्वरी माझ्यामागं. बाकीचे दुकानदार हसत होते, “अहो वहिनी, दुकान पळून जात नाही!” त्यांना काय सांगणार, कपाळ?

हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीला दया आली. तिनं तिथलं वायफाय जोडून दिलं. थोरलीकडं साधा बटणाचा फोन, त्यावर हे चालणार नाही. म्हणून मी शेजारच्या शमीमभाभीला व्हॉट्सअ‍ॅपवरून लावला. शमीमभाभीचा नवरा फळांचा गाडा लावतो, ती घरी ब्लाउज शिवते. पहिल्यांदा लागला आणि तुटला. दुसऱ्यांदा तुटला. दुपार कलायला लागली होती. दत्ताच्या तोंडाकडं मला बघवेना. पुन्हा लावला, तो लागला.

“अगं कहाँ थे तुम लोगां!” शमीमभाभी ओरडलीच. “बुढ्ढी सुबहसे दारात उभी हाय. काठी धरून. मैं खुर्ची दी, नई बैठी. पानी दी, नई पी. बोलती, हाळी आली न्हाई. पाय बघ कैसे सुजे उसके, मेरे को डर लगरा!”

“भाभी, पळ. तिच्या कानाला लाव फोन. पळ!”

तिच्या चपलांचा आवाज ऐकू आला, दार, कुत्रं भुंकलं. मग नुसता श्वास. थोरलीचा श्वास मी ओळखते. मी तोंड उघडलं, पण आवाज निघेना. दत्ता पुढं झाला, त्याच्याही तोंडून निघेना. तेव्हा ईश्वरीनं माझ्या हातातून फोन घेतला. त्या चकचकीत फरशीवर, त्या काचेच्या दिव्यांखाली, माझी पोर दोन्ही पाय फाकवून उभी राहिली, मान वर केली आणि पोटापासून ओरडली,

“आलोऽऽऽ! थोरलेऽऽ, समदे आलोऽऽऽ!”

वेटर हातातले ट्रे घेऊन जागच्या जागी उभे राहिले. फोनमधून बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, तुटला पुन्हा. मग अगदी बारीक आवाज आला.

“हौ.”

आणि लगेच शमीमभाभीचा, रडत, “बैठी गं! थोरली बैठी! नीचेच बैठ गयी मातीत.”

दत्ता भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी तर चारचौघांत हमसून हमसून रडले, लाज वाटली नाही. रिसेप्शनवरच्या मुलीनं पाणी दिलं. नंतरचे दिवस आम्ही त्या बेटावर कसे काढले, काय बघितलं, मला विशेष आठवत नाही. पोरं वाळूत खेळली. येताना बोटीत बसण्याआधी दत्तानं त्याच वायफायवरून शमीमभाभीला सांगितलं की नेटवर्क येईपर्यंत थोरलीला खुर्चीत दाबून बसव. ती बसली नाहीच.

घरी आलो तर दारातच होती. पोरांना हात लावून बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, मेंढरू बाजारातून आणल्यावर बघतात तसं. मग ईश्वरीला विचारलं, “उतार दिसला का गं कुठं?”

“न्हाई थोरले. लई खोल हाय. तळच न्हाई.”

“मंग कसं आलात?”

“तू हौ म्हनली ना.”

थोरलीनं पदर खोचला. मग म्हणाली, “ल्हान तोंडी लई बोलती,” आणि भाकरी करायला आत गेली. त्यानंतर तिनं गाड्या वाटणं सोडलं असं नाही. फक्त एक बदल केला. कुणाला एकट्याला मागं ठेवायची नाही. जोडीनं ठेवायची.

त्याच वर्षी थंडीत ती गेली. श्वास लागायला लागला म्हणून नगरला दवाखान्यात नेलं, तिथंच. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. तिला घेऊन येताना रुग्णवाहिकेत मी आणि ईश्वरी बसलो, दत्ता आणि ओम दिराच्या जीपमधून मागून आले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, आम्ही आपोआपच वाटले गेलो.

माती देऊन माणसं परत आली. अंगणात बायका बसल्या, शमीमभाभी कोपऱ्यात डोळे पुसत बसली. सासू-सासरे मेंढरं सोडून आले होते, ते बसले. ओम दत्ताच्या मांडीवर. ईश्वरी तेवढी पडवीच्या खांबाला पाठ लावून उभी होती. सकाळपासून तशीच होती. मी म्हणाले, “बाळा, बस आता खाली. पाय दुखतील.”

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “थोरलीची हाळी आली न्हाई अजून.”

मी तिला ओढून बसवायला म्हणून उठले. तिच्याजवळ गेले आणि तिच्या शेजारी खांबाला टेकून उभी राहिले. मलाही मग खाली बसवेना.